सातव्या रॉडचं पाणी

त्या बोअरला पाणी लागलं होतं. सातवा रॉड अर्धा आत गेला तेव्हा लागलं, आणि भरपूर लागलं. कंपनीच्या वहीत मात्र त्या बोअरपुढे ‘कोरडा’ असा शेरा आहे, आणि तो मी सांगितल्यावरून लिहिला गेला. वही आता कुठे असेल माहीत नाही. साकोलीची ती कंपनीही राहिली नाही, मालक वारला. पण त्या एका शब्दाने एका माणसाचं काय झालं ते मला माहीत आहे, आणि माझ्याशिवाय ते सगळं सांगू शकेल असं आता कोणी उरलेलं नाही.

मी बोअरच्या गाडीवर सव्वीस वर्षं काढली. आधी हेल्पर होतो, मग मशीन चालवू लागलो. काम समजायला सोपं आहे. गाडीच्या मागे उभा केलेला खांब, त्यात वीस फुटांचा लोखंडी रॉड, रॉडच्या टोकाला हॅमर. दुसऱ्या गाडीवरचा कंप्रेसर वरून हवा सोडतो, हॅमर खडक फोडतो आणि फुटलेला खडक भुकटी होऊन वर येतो. एक रॉड आत गेला की त्यावर दुसरा जोडायचा. भुकटी कोरडी उडत असते तोवर काही नाही. ती उडायची थांबते, ओली होते, मग चिखल येतो, मग पाणी. तेवढ्यासाठी लोक दिवसभर उन्हात उभे राहतात.

या कामात पहिला धडा असतो तो असा, की हॅमर खाली अडकला तर मशीन उलटं फिरवायचं नाही. रॉड एकमेकांत आट्यांनी बसवलेले असतात. उलटं फिरवलं की कुठला तरी आटा सुटतो, वरचे रॉड हातात येतात आणि हॅमर खालीच राहतो. तो मग निघत नाही. तो बोअर मेला. मी हा धडा कितीतरी पोरांना शिकवला आहे.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. त्याआधी आमची गाडी देवरी, सालेकशापर्यंत जायची. जिल्हा तुटला तशी तिकडची कामं तिकडच्या लोकांकडे गेली. आमच्या मालकाकडे दोन गाड्या होत्या, एक उभीच राहू लागली. उभ्या गाडीवरचा ऑपरेटर रोज सकाळी येऊन टायरला टेकून बसायचा. मी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचो. त्याच उन्हाळ्यात तुमसरकडे माझा एक हॅमर खाली राहिला होता. तेव्हा खरंच जमीन ढासळली होती, माझी चूक नव्हती. मालक ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तुमच्या हातून होत नव्हतं असं कधी. वय झालं का?” मी तेव्हा पंचेचाळीसचाही नव्हतो. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी माझ्या मनात काय होतं ते कळावं म्हणून लिहितो.

गाव कोंढ्याच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, गावच्या लोकांना कळेल. गावात तलाव मोठा, धानाची शेती, पण प्यायच्या पाण्याचे हाल. तलावाच्या पलीकडे, मुख्य गावापासून सुटी, पंचवीस-तीस घरांची टोली होती. तिथल्या बाया तलावाची पाळ ओलांडून गावातल्या विहिरीवर यायच्या. त्या वर्षी गावाला एकच बोअर मंजूर झाला होता. गावातले मोठे लोक म्हणत, देवळापाशी मारा. टोलीतले म्हणत, आमच्याकडे मारा.

टोलीत एक सून होती, तिचं माहेर पवनीचं. तिचा बाप कोसा रेशीम विणणारा, हातमागावरचा माणूस. त्याला पाण्याची जागा कळत असे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अनवाणी चालायचा आणि पाण्यावर आला की नारळ उभा राहायचा. आम्ही मशीनवाले अशा लोकांना हसतो, पण त्यांच्या जागेवर मशीन लावतो. या माणसाने दाखवलेल्या सात-आठ जागांवर मी बोअर मारले होते आणि एकही कोरडा गेला नव्हता. तो कोणाकडून काही घेत नसे, नारळ फोडून तिथेच वाटून टाकायचा.

सुनेनेच गावात बोलून बापाला बोलावलं. टोलीत जागा निघाली तर तिथे मारू, असं गावाने कबूल केलं. त्यात हौस कमी आणि गंमत पाहण्याची इच्छा जास्त होती. मी आदल्या दिवशी जागा बघायला गेलो होतो, तेव्हा हे माझ्यासमोर झालं. म्हातारा धोतर खोचून चालत होता, मागे शंभरेक माणसं.

“काय गा बुवा, नारळ जड असंन त पोराच्या हाती द्या,” एकजण म्हणाला.

“सुनंच्या अंगणातच उभा राह्यते पाहा आता त्याचा नारळ,” दुसरा म्हणाला. लोक हसले.

म्हातारा म्हणाला, “अंगणात राह्यला असता त बरं झालं असतं जी. पोरीचे पाय वाचले असते.”

नारळ तिच्या अंगणात उभा राहिला नाही. टोलीच्या टोकाला, मोहाच्या झाडापासून थोडं अलीकडे उभा राहिला. म्हाताऱ्याने तिथे चुन्याने फुली मारली आणि नारळ फोडला. मुलगी डोक्यावरचा पदर सारखा करत लोकांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं. लग्न होऊन सहा-सात वर्षं झाली होती, आणि त्या गावात आपल्या माहेरचं काही दाखवायला तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

त्या माणसाचा एक नेम होता. बोअर चालू असताना तो तिथे थांबायचा नाही. गावाच्या शिवेबाहेर जाऊन बसायचा आणि काम झालं की बोलावल्यावर यायचा. मी एकदा विचारलं होतं, काहून जाता? तो म्हणाला, “मी उभा राह्यलो त माझं मन वढते पाण्याले. पाण्यानं आपल्या मनानं याव.” दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लागलं तेव्हाही तो उठून शिवेकडे चालू लागला.

वरची माती आणि मुरूम ढासळू नये म्हणून आधी केसिंगचा पाईप घालतात, तो पक्क्या खडकात टेकेपर्यंत. आम्ही दोन पाईप घातले. दुसऱ्याच्या शेवटी टणक आवाज आला आणि मला वाटलं, टेकला. तो खडक नव्हता, मुरमात अडकलेला धोंडा होता. अजून एक पाईप घालायला हवा होता. गाडीवर पाईप होताही. मी घाई केली. ही पहिली चूक.

त्या दिवशी गावात लग्न होतं. दुपारी बाराच्या सुमारास पंगती बसल्या आणि सकाळपासून मशीनभोवती उभे असलेले लोक एकेक करून जेवायला गेले. उरलो मी आणि माझे दोन मजूर. दोघेही छत्तीसगडचे, मराठी जेमतेम कळणारे. सहा रॉड कोरडे गेले. सातवा अर्धा गेला आणि भुकटी बसली. आधी शेवाळी रंगाचा चिखल आला, मग पाणी. मनगटाएवढी धार पाईपच्या तोंडातून उसळून चुन्याच्या फुलीवरून वाहू लागली. दोघे मजूर हसत होते. मीही हसलो असेन.

तेवढ्यात हॅमरचा आवाज बदलला. पाण्याने वरचा मुरूम सैल केला होता आणि केसिंगच्या खालून तो आत घसरत होता. रॉड वर येईना, फिरेना. अशा वेळी हवा चालू ठेवून थोडं वर, थोडं खाली करत बसायचं असतं. दोन तास लागतात, कधी चार. मला मालकाचं वाक्य आठवत होतं. गावचे लोक जेवून येतील तेव्हा मी अडकलेल्या मशीनपाशी उभा असेन, हे मला दिसत होतं. मी मशीन उलटं फिरवलं.

रॉड लगेच फिरला. इतका हलका फिरला की मजुराने माझ्याकडे पाहिलं. आम्ही रॉड वर काढले. पाच आले. दोन रॉड आणि हॅमर खाली राहिले, आणि वरून मुरूम येऊन त्यांच्यावर बसला. पाणी थांबलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? पाणी लागलेल्या बोअरमध्ये आमच्या चुकीने सामान राहिलं तर कंपनीला शेजारी दुसरा बोअर मारून द्यावा लागायचा, तसं ठरलेलंच असे. म्हणजे टोलीला पाणी मिळालं असतं. मालक मला बोलला असता. कदाचित मी उभ्या गाडीच्या टायरला टेकून बसलो असतो. एवढंच. बोअर कोरडा असेल आणि मग जमीन ढासळून सामान राहिलं असेल, तर कोणाचाच दोष नाही. मी मजुरांना म्हटलं, कोरडी भुकटी ओढा या चिखलावर. त्यांनी फावडी घेतली.

अर्धं झाकून झालं होतं तेव्हा ती सून आली. लग्नघरून आमच्यासाठी डब्यात जेवण घेऊन आली होती. ती थांबली आणि पायाकडे पाहू लागली. तिची चप्पल चिखलात रुतली होती.

“लागलं का जी, भाऊ?” तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

मी म्हटलं, “नाही बाई. हे आम्ही वरून टाकलेलं पाणी आहे. भुकटी जड झाली की टाकावं लागतं.”

हे खोटंही नव्हतं, म्हणजे इतर वेळी खोटं नव्हतं. बोअरमध्ये आम्ही पाणी टाकतोच. म्हणून तर ते माझ्या तोंडात इतक्या पटकन आलं.

“आतलं नाही?”

“आतलं असतं तर मी कशाला लपवू? खाली खडक ढासळला, सामान गेलं आमचं. कोरडा आहे.”

तिने डबा खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं. “मशीनच्या माणसाले त समजतेच,” ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच म्हणाली.

लोक परत आले तेव्हा मला फार बोलावं लागलं नाही. तीच सांगत होती. एकाने ओली माती पाहून विचारलं, तर ती म्हणाली, “वरून टाकलं ते. मशीनवाल्या भाऊनं सांगितलं मले.” कोणी म्हणालं, घ्या, नारळाचं पाणी तेवढं होतं, ते त आधीच सांडलं. कोणी म्हणालं, एक बोअर होता गावाले, तोही हिच्या बापाच्या हौसेपायी मातीत घातला. तिच्या सासऱ्याने भर लोकांत तिच्याकडे पाठ फिरवली.

मग म्हाताऱ्याला बोलावलं. तो शिवेवरून आला. मुलगी काय म्हणाली ते लोकांनी त्याला वाटेतच ऐकवलं होतं. तो खाली बसला. बोटांनी वरची भुकटी बाजूला केली आणि खालचा चिखल उचलला. मला म्हणाला, “पाण्यात तुमी साबण टाकता ना जी?”

टाकतो. वरून पाणी सोडताना त्यात साबणाची पावडर टाकावी लागते, त्याशिवाय भुकटी वर येत नाही. त्या चिखलाला फेस असतो, वास असतो. या चिखलाला दोन्ही नव्हतं. तो माणूस बोअर झाल्यावर येऊन बसायचा, त्यामुळे त्याने हे कितीदा पाहिलं असणार.

“टाकतो,” मी म्हटलं.

त्याने तो चिखल दोन बोटांत चोळला. नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. “हिनं सांगितलं का तुमी सांगितलं?” त्याने विचारलं.

“मी सांगितलं. कोरडा आहे.”

त्याने मुलीकडे पाहिलं. ती सगळ्यांसमोर बोलून बसली होती. वरून टाकलेलं पाणी आहे, हे तिचे शब्द झाले होते. मला ते तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. म्हाताऱ्याने हात धोतराला पुसला, उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, “माहं चुकलं. नारळ चुकला माहा.” मग तो पवनीच्या वाटेला लागला. मुलगी त्याच्या मागे गेली नाही.

भोकात धोंडे टाकून ते बुजवलं. पुढच्या वर्षी बोअर देवळापाशी झाला, दुसऱ्या कंपनीने मारला. मी त्या रस्त्याने जायचो तेव्हा टोलीतल्या बाया पाळीवरून पाण्याने भरलेले गुंड डोक्यावर घेऊन येताना दिसायच्या. मी गाडीत पुढे बसलेला असायचो. ड्रायव्हरशी बोलत राहायचो.

त्या माणसाने पुन्हा कोणालाही जागा दाखवली नाही. लोक बोलवायला जायचे, तो म्हणायचा, आता येत नाही. मी एकदा पवनीला त्याच्या घरी गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो. तो मागावर बसला होता. धोटा थांबवून म्हणाला, “बसा जी. कुठं सुरू आहे गाडी?” मी गावाचं नाव सांगितलं. त्याने पाणी दिलं. मी ते प्यायलो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो. तो दारापर्यंत आला. आता वाटतं, मी सांगेन म्हणून तो वाट बघत होता. पुढे दोन-तीन वर्षांत तो वारला, हे मला बाजारात कोणाकडून तरी कळलं.

मशीन सोडून मला आता बरीच वर्षं झाली. एका कानाने ऐकू येत नाही, धुळीने छाती धरलेली आहे. बायको गेल्यानंतर घरात बोलायला कोणी नाही. गेल्या हिवाळ्यात मी बस धरून त्या गावाला गेलो. टोलीत विचारत गेलो. ती अंगणात धान पाखडत होती. केस पिकलेले. तिने मला ओळखलं नाही, मग ओळखलं. मी उभ्यानेच सांगितलं. पाणी लागलं होतं, मी लपवलं. ती पाखडत राहिली. सूप थांबलं तेव्हा म्हणाली, “मले काहून सांगून राह्यले आता?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“गावाले सांगा,” ती म्हणाली. “आन तोंडी नोको. तोंडी त तुमी तवाही सांगितलं होतं. लिहून आना.”

मी लिहून नेलं. एक पान. ग्रामसभा होती त्या दिवशी ते वाचून दाखवलं. पंधरा-वीस माणसं होती. वाचताना मला वाटत होतं की आता कोणी उठून माझी कॉलर धरेल. एक तरुण म्हणाला, “पन काका, आता त नळ आहे घरोघरी.” दुसऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, “कोनता म्हतारा?” शेजाऱ्याला माहीत नव्हतं. ज्यांनी तेव्हा टोमणे मारले होते त्यांतले बहुतेक मेले होते, आणि जे होते त्यांना आठवत नव्हतं. एकाला तर वाटलं की मी जुन्या बोअरची काही मंजुरी मागायला आलो आहे.

ती मागे बायकांत बसली होती. उभी राहिली. “माहा बाप होता तो,” म्हणाली. “त्याची जागा बराबर होती.” मग बसली. सरपंचाने पुढचा विषय घेतला.

मी निघालो तेव्हा ती माझ्यामागे बाहेर आली. तिने हाक मारली, “भाऊ.”

मी थांबलो.

“मी दोन वर्सं गेली नाही माहेरी,” ती म्हणाली. “सासऱ्यानं जाऊ देल्लं नाही, अन मी बी हट्ट नाही केला. तो यायचा अक्षय तृतीयेले न्यायले. मी म्हनली, तुमच्यापायी मले गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली. असं म्हनली मी त्याले. तो आल्या पावली वापस गेला.” मग तिने विचारलं, “त्याले माहीत होतं का? तुमी खोटं बोलून राह्यले ते?”

मी ग्रामसभेत नेलेल्या कागदात साबणाचं काही नव्हतं. ते मी लिहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, माझा गुन्हा कबूल केला की झालं. आता तिच्यासमोर उभा राहून मला दिसत होतं की नाही म्हटलं तर ती बरी झोपेल. आणि ते माझं दुसरं खोटं होईल, त्याच बाईला, त्याच गावात.

मी सांगितलं. चिखल चोळला ते, वास घेतला ते, तिच्याकडे पाहिलं ते. त्याला माहीत होतं. तुम्ही सगळ्यांसमोर बोलून बसला होता, तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं त्याला, म्हणून तो म्हणाला की माझं चुकलं.

ती ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसली. आत कोणीतरी रस्त्याच्या कामावरून मोठ्याने भांडत होतं. मी म्हटलं, बाई, तुमचा त्यात काही दोष नाही, मी सांगितलं तेच तुम्ही सांगितलं. तिने ऐकलं की नाही कळलं नाही.

मग ती म्हणाली, “हे बी लिहा. कागदात नाही आलं ते.”

“तुमच्या बापाचं?”

“बापाचं. अन मी काय बोलली त्याले, ते बी.”

मी म्हटलं, तुमचं कशाला लिहू?

“लिहा,” ती म्हणाली.

लिहिलं आहे.